आवाजाला इस्त्री

"इस्त्री लाव," आखुन म्हणाला. "तिला पत्ता लागू देऊ नकोस, पण लाव."

शुईमू मंचाच्या ट्रकखाली ओणवा होऊन वायरी जोडत होता. त्याने मान वर केली नाही. समुद्राच्या देवीच्या, मात्सूआईच्या वाढदिवसाला सकाळपासून दहा जण येऊन दहा गोष्टी सांगून जातात, त्यातलीच ही एक असेल असं त्याला वाटलं.

"कोणाला पत्ता लागू देऊ नको?"

"माझ्या बायकोला. आणखी कोणाला?"

आता मात्र तो गुडघे झटकत बाहेर आला. आखुन उन्हात उभा होता. धुतलेला शर्ट, तेल लावून बसवलेले केस आणि चेहरा असा, की कोणी नुकतीच याच्या कानाखाली वाजवलीय. समोर देवळाचं दार उघडं होतं, उदबत्त्यांचा धूर अंगणभर पसरला होता. डाव्या हाताला जेवणावळीच्या मांडवात आचाऱ्यांनी भल्या मोठ्या टोपल्यांत शिंपले ओतले होते, त्याचा खडखडाट चालू होता.

इस्त्री म्हणजे शुईमूच्या मिक्सरशेजारची काळी पेटी. कंपनीने तिला लांबलचक नाव दिलेलं होतं, पण बंदरावर ते कोणी कधी उच्चारलं नाही. नाव शुईमूनेच ठेवलेलं. गाणाऱ्याचा आवाज एका बाजूने आत जायचा आणि दुसऱ्या बाजूने बाहेर यायचा तो सुरात. वाकडा सूर सरळ, उतरलेला वर, चढलेला खाली, आणि हे सगळं गाता गाता, जागच्या जागी. फक्त गाणं कोणत्या पट्टीत आहे ते पेटीला आधी सांगून ठेवावं लागायचं. निवडणूक जवळ आली की जेवणावळींत एकेका उमेदवाराला गाण्याची उबळ येते, तेव्हा ही पेटी फार कामाला यायची. मागच्या खेपेला एक उमेदवार असा काही गायला, की त्याची सख्खी आई म्हणाली, हा काही आमचा नव्हे.

"अख्ख्या बंदराला लावीन," शुईमू म्हणाला. "बीयुनला नाही. अरे, ती देवीपुढे गाणार आहे. नवस आहे तिचा."

"माहीत आहे मला नवस आहे ते! माझ्यासाठीच बोललीय ना?"

ते तर सगळ्या बंदराला माहीत होतं. गेल्या थंडीत आखुनच्या बोटीचं इंजिन भर समुद्रात बंद पडलं. वायरलेसही गेला. शोधायला गेलेल्या बोटी हात हलवत परत आल्या, तेव्हा बीयुनने देवळाच्या पायरीवर डोकं टेकलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, आई, याला जिवंत आण, तुझ्या वाढदिवसाला मी माझ्या गळ्याने तीन गाणी म्हणीन, चारचौघांत. आखुन आला. ओठ फुटलेले, डोळे खोल गेलेले, पण आला. नवस फेडायचा दिवस चार महिन्यांवर होता. मध्येच बीयुनच्या गळ्यात गाठ निघाली. डॉक्टरांनी गाठ काढली, बाई बरी झाली, पण आवाजाच्या शिरेला धक्का लागला. बोलताना फार जाणवायचं नाही. गायला लागली की वरचे सूर सापडायचे नाहीत, आणि सापडलेले हातात राहायचे नाहीत.

"गेल्या आठवड्यात शेजारच्या बारशाला करावकेवर गायली," आखुन म्हणाला. "कोणीतरी मेल्याने फोनवर टिपलं आणि मासळी बाजाराच्या ग्रुपवर टाकलं. रडके चेहरे टाकले लोकांनी खाली, हसून हसून रडणारे. दोन दिवस जेवली नाही रे ती. शिंपल्यांची गाडीसुद्धा लावली नाही."

"मला नाही आलं ते."

"तुला कोण पाठवेल? तू तिच्यासोबत वीस वर्षं वाजवलंयस." आखुनने आवाज खाली आणला. "दादा, मी जिवंत आलो. त्याची फेड म्हणून तिने गावासमोर हसं करून घ्यायचं? मग मला तिथेच समुद्रात राहू द्यायचं होतं देवीने."

"काहीतरी बोलू नकोस."

"मग लाव."

शुईमूने खिशातून सुपारीचा विडा काढून तोंडात टाकला. तोंडात काही असलं की उत्तर द्यावं लागत नाही, ही त्याची जुनी सवय. आखुनने त्याच्या गप्प राहण्याचा अर्थ 'हो' असा घेतला आणि त्याचा हात दोन्ही हातांत धरून दाबला. खरं तर तिथेच 'नाही' म्हणायला हवं होतं.

*

शुईमूचं सगळं आयुष्य दुसऱ्याच्या गळ्यामागे धावण्यात गेलेलं होतं. पोरवयात तो अकॉर्डियन गळ्यात अडकवून उत्तरेला गेला, गरम झऱ्यांवरच्या हॉटेलांत. तिथे तिघा-चौघांचा ताफा खोल्याखोल्यांतून फिरायचा. गिऱ्हाईक टेबलाशी पेंगत बसलेलं असायचं, मध्येच उठून वाटेल त्या सुरात गाणं सुरू करायचं, आणि ताफ्याने त्याला धरायचं. तो घसरला की आपणही घसरायचं, तो ओळ विसरला की आपणही तिथेच घुटमळायचं. एकदा कोण्या जाडजूड व्यापाऱ्याच्या सुरावर शुईमूने नुसतं नाक मुरडलं, तर ताफ्याच्या म्हाताऱ्या मालकाने बाहेर आल्यावर त्याच्या बोटांवर बांबूची पट्टी हाणली होती. "तो बेसूर नव्हता. तू चुकीच्या पट्टीत होतास," म्हातारा म्हणाला होता.

मग करावकेची यंत्रं आली आणि दोन-चार वर्षांत ताफ्यांचा खेळ खलास झाला. शुईमू दक्षिणेला आपल्या बंदरावर परतला. लग्नं, बारशी, देवळांचे वाढदिवस, अंत्ययात्रा, सगळीकडे वाजवलं. बीयुन त्याच्या ताफ्यात गायची. सासू अंथरुणाला खिळली तेव्हा तिने गाणं सोडलं आणि शिंपल्याच्या ऑम्लेटची गाडी टाकली. शुईमूने ट्रक घेतला, ट्रकवरचा घडीचा मंच घेतला, अकॉर्डियनच्या जागी विजेवरचा कीबोर्ड घेतला, आणि तरुण गायिका पेटीशिवाय उभ्याच राहीनात म्हणून शेवटी ही इस्त्रीही घेतली. जन्मभर तो गाणाऱ्याच्या मागे धावला होता. ही पेटी गाणाऱ्याला कानाला धरून आणायची. कामाला चोख होती, त्याबद्दल तक्रार नव्हती. पण तिचा दिवा लागला की शुईमूला आपण खोलीत उगाचच बसलो आहोत असं वाटायचं.

बीयुन तालमीला आली ती उन्हं तापल्यावर. जांभळा झगा, गळ्याभोवती रुमाल. शस्त्रक्रियेची खूण झाकायला असणार. तिने मंचाची शिडी चढताना त्याच्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यातच सगळं होतं. ती घाबरली होती.

"शुईदादा, पट्टी खाली घे. दोन घरं खाली घे."

"घेतलीय. काळी दोन."

"आणि माझा आवाज फार मोठा नको ठेवूस. वाजवणं मोठं ठेव. समजलं ना?"

"समजलं."

"हसू नकोस रे बाबा."

"मी कधी हसलोय तुला?"

"लाल दात काढून हसत असतोस की सारखा," ती म्हणाली आणि कशीबशी हसली. "ग्रुपवर आलं ते ऐकलंस?"

"मला कोणी पाठवलं नाही."

"बरं झालं."

तिने माइक हातात घेतला. शुईमूने मिक्सरकडे पाहिलं, मग देवळाच्या दाराकडे. आतल्या अंधारात देवीचा काळा चेहरा आणि मुकुटाचे मणी तेवढे दिसत होते. खाली लाल प्लास्टिकच्या स्टुलांमध्ये आखुन एकटाच बसला होता आणि देवाला हात जोडावेत तसे त्याने शुईमूपुढे हात जोडले होते.

शुईमूने बटण दाबलं. पेटीचा हिरवा दिवा लागला.

पहिलं गाणं मिठागरांवरच्या पोरींचं होतं, हलकंफुलकं, बंदरावरच्या सगळ्यांना पाठ असलेलं. बीयुनने पहिली ओळ घाबरत घाबरत म्हटली. तिच्या पायाशी ठेवलेल्या स्पीकरमधून तीच ओळ स्वच्छ, सुरेल अशी परत आली. तिने दचकून खाली पाहिलं. दुसरी ओळ जरा मोठ्याने म्हटली. तिसऱ्या ओळीला वर जायचं होतं, तिथे तिने डोळे मिटले आणि झोकून दिलं. सूर बरोब्बर जागेवर जाऊन बसला.

गाणं संपलं तरी ती डोळे मिटूनच उभी होती. गालांवरून पाणी वाहत होतं.

"दादा," ती म्हणाली. "आला."

शुईमूची नजर हिरव्या दिव्याकडे गेली.

"परत आला रे माझा आवाज! दिला तिने. तिच्यापुढे उभी राहिले आणि दिला. घरी येत नव्हता, गाडीवर येत नव्हता, इथे आला!"

"बीयुन, अगं ऐक..."

पण ऐकायला ती तिथे होतीच कुठे? झगा दोन्ही हातांनी उचलून शिडी उतरली आणि धावत देवळात गेली. आखुन स्टुलावरून उठून उभा राहिला होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. हे असं होईल हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

शुईमू तिच्यामागे देवळात गेला. सांगून टाकायचं, असं ठरवूनच गेला. बीयुन गुडघ्यांवर बसून कौल लावत होती. चंद्रकोरीसारखे दोन लाकडी तुकडे ओंजळीत धरून तिने विचारलं, "आई, आवाज तूच दिलास ना?" आणि ते फरशीवर टाकले. एक उताणा, एक पालथा पडला असता तर 'हो'. दोन्ही पालथे पडले असते तर 'नाही'. दोन्ही उताणे पडले आणि डोलत राहिले, म्हणजे ना हो, ना नाही.

"देवी हसली," देवळातली म्हातारी झाडूवाली म्हणाली.

बीयुनने पुन्हा टाकले. पुन्हा दोन्ही उताणे.

"पुन्हा हसली बघ! खुशीत आहे आज म्हातारी. वाढदिवस ना तिचा," झाडूवाली म्हणाली, आणि आजूबाजूच्या बायका कौतुकाने पुढे झाल्या. बीयुनही हसायला लागली, रडता रडता. शुईमू मात्र दारातच थांबला. देवी कशाला हसते आहे ते त्या देवळात त्याला एकट्यालाच ठाऊक होतं.

"बीयुन, तुझ्याशी जरा बोलायचं होतं."

"मलाही!" ती उठून त्याच्या दंडाला धरून म्हणाली. "दुसरं गाणं बदलायचं. ते सोपं नको. वल्ह्याचं गाणं म्हणते. आपण म्हणायचो ते, वाद्यबिद्य काही नसताना सुरुवात करायची आणि मग तू यायचास, ते. आता भीती कशाची? देवीने आवाज दिलाय तो काय सोपं गायला?"

"ते फार वर जातं."

"म्हणून तर!"

तिचा चेहरा इतका फुलला होता, की शुईमू तसाच मागे फिरला. बाहेर आखुनने त्याला गाठलं.

"सांगितलंस?"

"नाही."

"नको सांगूस. दादा, पाया पडतो. गेल्या कित्येक महिन्यांत अशी हसली नव्हती."

"आणि उद्या? उद्या घरी गाईल तेव्हा काय करशील? घरात पेटी बसवू?"

"आजचा दिवस जाऊ दे," एवढंच आखुन म्हणाला.

*

उन्हं कलती झाल्यावर फटाक्यांच्या माळा लागल्या. मांडवातली टेबलं भरली, उरलेले लोक स्टुलांवर बसले. देवळाच्या समितीचे अध्यक्ष, को आडनावाचे, माइकवर आले आणि आभार मानत सुटले. बर्फवाल्यापासून आमदारापर्यंत त्यांनी एकालाही सोडलं नाही. मग बीयुनच्या नवसाची गोष्ट त्यांनी तिखटमीठ लावून सांगितली. "आणि मंडळी, डॉक्टरांनी हात टेकले होते. पण आज सकाळी आमच्या मात्सूआईने आवाज परत दिला! मी स्वतः ऐकलाय!" ते सकाळी तिथे नव्हतेच. पण टाळ्या कडाडल्या. ज्यांनी ग्रुपवर रडके चेहरे टाकले होते, तेही टाळ्या वाजवत होते.

आता ही नुसती नवराबायकोतली गोष्ट राहिली नव्हती. अख्ख्या गावासमोर देवीचा चमत्कार झाला होता आणि त्या चमत्काराचा हिरवा दिवा शुईमूच्या कोपराशी जळत होता.

मिठागराचं गाणं झालं. काय झालं म्हणून सांगू! पोरी नाचायला उठल्या, म्हाताऱ्यांनी टेबलांवर ठेका धरला. आचारीसुद्धा झारा हातात घेऊन बाहेर आले. बीयुन वीस वर्षांनी लहान दिसत होती. शुईमू वाजवत होता, पण लक्ष सगळं पुढच्या गाण्याकडे लागलेलं. वल्ह्याचं गाणं ती काळी दोनमध्ये उचलेल, अशी आशा होती. पेटी त्याच पट्टीला बांधलेली होती. आधी एक सूर कानात पडावा म्हणून त्याने हळूच काळी दोन दाबून धरली.

बीयुनने त्याच्याकडे बघितलंच नाही. ती देवळाच्या दाराकडे बघत होती. डोळे मिटून, जुन्या सवयीने, मनाला येईल त्या सुरात तिने गाणं उचललं.

तो सूर धड काळी दोन नव्हता आणि धड पांढरी दोनही नव्हता. दोहोंच्या बरोब्बर मध्ये होता. पेटीला काही ते कळेना. तिने सूर वर ओढला, मग खाली ओढला, पुन्हा वर ओढला. स्पीकरमधून बाईचा आवाज येईना. बकरीला पाण्यात बुडवून काढल्यासारखं काहीतरी येऊ लागलं. बीयुन लांबवत गेली तसं ते आणखीच थरथरायला लागलं. एक पोर खदखदून हसलं. मग बरेच जण हसले.

बीयुन थांबली.

"शुईमू!" अध्यक्ष को पुढच्या टेबलावरून ओरडले. "स्पीकर बिघडला काय रे?"

सुटायचा रस्ता आयता समोर चालून आला होता. 'हो' म्हणायचं, दोन वायरी हलवायच्या, पेटीची पट्टी बदलायची. एवढ्यावर सगळं निभावलं असतं. शुईमूचा हात बटणापर्यंत गेलासुद्धा. पण बीयुन त्याच्याकडे बघत होती. तिने माइक तोंडापासून दूर धरला आणि तीच ओळ तशीच म्हटली, नुसत्या गळ्याने. फुटका, खरखरीत सूर. मग माइक तोंडाशी आणून म्हटली. बकरी ओरडली. ताफ्यात वीस वर्षं काढलेल्या बाईला याहून जास्त काही सांगायला लागत नाही.

"स्पीकर चांगला आहे," शुईमू मोठ्याने म्हणाला. मग उठून तिच्याजवळ गेला. "पेटी लावलीय. तुझ्या आवाजावर."

"केव्हापासून?"

"सकाळपासून."

"सकाळी मी गायले ते...?"

"तेही."

तिचा चेहरा पार उतरला. तिने शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं, असं शुईमूला वाटलं. ती देवळाच्या दाराकडे बघत राहिली.

"मी तिला विचारायला गेले रे," ती हळूच म्हणाली. "ती हसत होती. मी म्हटलं, माझ्यावर खूश आहे."

"मी सांगितलं होतं लावायला!" स्टुलांमधून आखुन उभा राहिला. "त्याला बोलू नकोस. मी हातापाया पडलो त्याच्या."

"तू खाली बस," बीयुन म्हणाली. "तुझं घरी बघते मी." मागे दोन बायका तोंडाला हात लावून हसल्या, पण तिच्या डोळ्यांत हसू नव्हतं. ती पुन्हा शुईमूकडे वळली. "तू तरी! दादा, तू कधीच असं केलं नव्हतंस. मी ताप असताना गायले, पोटात सहा महिन्यांचं पोर असताना गायले. माझा सूर पडला की तू पडायचास सोबत. तुला काय झालं?"

"लोक हसतील म्हणून..."

"मग हसू देत ना! लोकांचा नवस बोलले होते का मी? काढ ते."

त्याने बटण दाबलं. "काढलं."

"नुसतं तसं नाही. मला दाखव."

शुईमूने पेटीची वायर उपटली आणि सगळ्यांसमोर हातात धरून दाखवली. अध्यक्ष को कपाळाला हात लावून बसले होते. त्यांचा चमत्कार गेला होता, आणि मांडवात वाढायचं थांबलं होतं.

मग बीयुन गायली. चांगली गायली असं म्हणण्यात अर्थ नाही. आवाज जात होता, येत होता, वर जाताना दोनदा चक्क तुटला. शुईमूने कीबोर्डच्या कडेचं छोटं चाक फिरवून अख्खी पट्टी थोडी खाली आणली, तिच्या मधल्या सुरावर नेऊन ठेवली, आणि ती सरकेल तसा तोही सरकत गेला. ती अडखळली तिथे तो थांबला. कुठेतरी मध्यावर त्याच्या लक्षात आलं, की आपण रडतोय. बऱ्याच दिवसांत त्याला असं वाजवायला मिळालं नव्हतं. पण म्हणून लोक काही विरघळले वगैरे नाहीत. काही म्हाताऱ्या बायका मान खाली घालून ऐकत होत्या. पोरं एकमेकांना कोपरं मारत होती. कोणीतरी फोन वर धरला होता. तिसरं गाणं सुरू झालं तेव्हा मागून एक जण ओरडला, "ताई, झालं की! सूप निवतंय!" आणि मोठा हशा पिकला.

बीयुनने ते ऐकलं. मान वळवली नाही. शेवटची ओळ संपवून ती वाकली, ती लोकांकडे नाही, देवळाकडे. टाळ्या पडल्या, चार इथे, चार तिथे. अध्यक्षांनी घाईघाईने माइक घेतला आणि मासळीच्या गोळ्यांचं सूप आलं असल्याची घोषणा केली. सगळे एका दमात टेबलांकडे वळले.

*

शुईमू वायरी गुंडाळत होता. वर बघायची त्याची हिंमत होत नव्हती. बीयुन शिडी उतरून गेली असेल असं धरून तो चालला होता. ती तिथेच उभी होती.

"एक राहिलं," ती म्हणाली.

"तीन झाली की."

"दोन झाली. पहिलं तुझ्या पेटीने म्हटलं. मी म्हटलं होतं, माझ्या गळ्याने."

शुईमूने हातातली वायर खाली टाकली. "थांब, वाद्य लावतो. दोन मिनिटं."

"नको."

"अगं, नुसतं मागे हलकंसं..."

"नको म्हटलं ना. तू वाजवलंस की मला सांभाळून घेतोस. आयुष्यभर घेतलंस, उपकार आहेत तुझे. आज नको घेऊस." मग जरा मऊ आवाजात म्हणाली, "रागावले नाही मी तुझ्यावर. म्हणजे रागावलेय. पण जाईल तो."

मांडवात सुपाच्या वाफा उठत होत्या, भांडी वाजत होती. कोणीतरी कोणाला तरी पेला संपवायचा आग्रह करत होतं. बीयुन अंगणातून चालत गेली आणि देवळाच्या पायऱ्यांखाली उभी राहिली. तिने गळ्यावरचा रुमाल सोडून आखुनच्या हातात दिला. आखुन तो छातीशी धरून तिच्या मागे उभा राहिला, जेवायला गेला नाही. शुईमू दोघांच्या मागे, थोडा लांब थांबला.

मिठागरांवरच्या पोरींचं गाणं तिने सुरू केलं. माइक नव्हता, वाद्य नव्हतं. टेबलांच्या गलबल्यात ते चार पावलांपलीकडे ऐकूही गेलं नसतं. पहिल्या दोन ओळी कशाबशा निभावल्या. तिसऱ्या ओळीला वर जायचं होतं, तिथे आवाज तुटला आणि नुसती हवा बाहेर आली.

ती थांबली. गाणं पहिल्यापासून सुरू केलं.

पुन्हा तिथेच तुटला. मांडवातून एका बाईने वळून पाहिलं आणि परत ताटात लक्ष घातलं. बीयुनने श्वास घेतला आणि तिसऱ्यांदा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. घाई नव्हती तिला कसलीच. शुईमूची बोटं आपोआप हलायला लागली होती, तिच्या सुराखाली हात द्यायला, तिला उचलायला. त्याच्या ते लक्षात आलं. त्याने दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एका हाताने दुसऱ्याचं मनगट घट्ट धरून तो उभा राहिला.